तारखेचा धंदा

आमच्या लाखांदूर तालुक्याला जिल्ह्याचं ठिकाण भंडारा लांब पडतं आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा जवळ. कचेरीचं काम निघालं की भंडारा. बाकी बाजार, रेल्वे, लग्नाचं कापड आणि नाटक, सगळं वडसा. बी. कॉम. करून मी घरी धानाचे बांध पाहत बसलो होतो, तेव्हा वडशातल्या एका नाटक कंपनीला हिशेब लिहायला माणूस हवा होता. गेलो आणि तिथलाच झालो. मी नट नाही, मला गाता येत नाही, रंग लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पावतीपुस्तक, रोजकीर्द आणि तारखांचं रजिस्टर, एवढाच माझा या कलेशी संबंध. पण झाडीपट्टीचं नाटक कशावर चालतं हे स्टेजवरच्यांपेक्षा आम्हा वहीवाल्यांना जास्त दिसतं, असं मला अजूनही वाटतं.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. (१९९९ पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होता, त्यामुळे जुनी माणसं अजून तीनच मोजतात.) दिवाळीत धान घरी यायला लागलं की इथल्या गावांत नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, उजाडताना पडतो. कापणी झालेल्या बांधीत मंडप, मागच्याला दिसावं म्हणून पुढची जमीन खोलगट खोदलेली, स्टेजवर वरून लोंबणारे माइक, समोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नाटक सामाजिक, पण गाण्याशिवाय आणि एका तरी लावणीशिवाय ते कुणी विकत घेत नाही. कंपन्यांना इथे ‘प्रेस’ म्हणतात, कारण हँडबिलं आणि तिकिटं छापणाऱ्या वडशाच्या छापखान्यांतूनच बुकिंगचा धंदा वाढला. त्याआधी गावचीच पोरं नाटक बसवत. स्त्री-कलावंत, पडदे आणि संगीत पार्टी तेवढी भाड्याने आणत.

आता धंदा कसा होतो ते. दसऱ्याच्या आसपास मंडळाची चार-पाच माणसं मोटारसायकलींवर येतात. भिंतीवर आमच्या नव्या नाटकांचे फ्लेक्स टांगलेले असतात, त्यांच्याकडे ती पाहतही नाहीत. ‘तारीख सांगा जी पयले, नाटकाचा नाव मंग पाहू.’ गावाची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, कोणत्या दिवशी, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, कोणत्या दिवशी, हे वाडवडिलांपासून ठरलेलं असतं आणि ते शेजारच्या गावाशी आदळणार नाही असं बसवलेलं असतं. मंडई भाऊबीजेपासून सुरू होतात, पट थंडीत. म्हणून काही रात्रींना पाच गावं भांडतात आणि काही रात्रींना कुत्रं विचारत नाही. कंपनी एक, गाडी एक, नट तेच. नाटक आज विकलं नाही तर उद्या दोन विकता येत नाहीत. रजिस्टरमधला कोरा रकाना भरायचा म्हणून कोणत्या गावाला किती सोडायचं आणि मागणीच्या रात्री किती ताणायचं, हे ज्याला जमलं तो मॅनेजर टिकला. संहिता चांगली-वाईट हा त्यानंतरचा विषय.

ठराव झाला की इसार घ्यायचा. बाकी रक्कम नाटकाच्या रात्री. इथे माझी खरी ड्यूटी लागायची. समजा ठराव साठ हजारांचा आणि इसार दहाचा. उरलेले पन्नास मंडळ तिकीट खिडकीवरून देणार. म्हणजे पहिला अंक चालू असताना मी मंडपाच्या तोंडाशी, खुर्चीवर, घोंगडी पांघरून. खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीचं वेगळं. बायका नातवंडं कडेवर घेऊन येतात, त्यांच्या तिकिटावरून हुज्जत. रात्री एकच्या सुमारास खिडकी बंद होते आणि दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा पोत्यावर ओतून मोजणी सुरू होते. गल्ला भरला असेल तर चहा मागवतात. भरला नसेल तर सरपंच, पोलीस पाटील आणि मंडळाचा अध्यक्ष हळूच बाजूला जाऊन बोलायला लागतात, आणि ते बोलणं कशावर येणार हे मला पाठ असायचं.

नफा झाला तर तो कुणाच्या खिशात जात नाही. देवळाचं छत, शाळेची भिंत, पुढच्या वर्षीचा गणपती. तोटा झाला तर मात्र तो मंडळाच्या सभासदांच्या खिशातून जातो. असा एकतर्फी व्यवहार शहाणी माणसं दरवर्षी का करतात, हे कळायला मला दोन हंगाम लागले. गावाला नाटक हवं असतं ते पाहुण्यांसाठी. त्या दिवशी लेक-जावई येतात, बहिणी येतात, व्याही येतात. दिवसा पट, संध्याकाळी कोंबडं, रात्री नाटक. मुलगी दाखवण्याचं, स्थळ पाहण्याचं निम्मं काम त्या एका रात्रीत उरकतं. घरोघरी त्या दिवशी होणारा खर्च जोडला तर आमचा ठराव त्यापुढे किरकोळ ठरेल. आमच्या वहीत तो खर्च येत नाही, पण आमची वही त्याच्यावरच चालते.

म्हणूनच धंद्याला बसलेले धक्के स्टेजकडून कधी आले नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. त्या निकालात नाटकाबद्दल एक अक्षर नव्हतं. पण त्या दसऱ्याला मंडळं आली ती पडलेल्या चेहऱ्याने: ‘पट नाई तं पावने कोनासाटी येतीन?’ काही गावांनी तारीख सोडली, काहींनी नाटक ठेवलं आणि गल्ला निम्मा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्यात शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठे पटाच्या तारखा रजिस्टरमध्ये परतल्या. शर्यतीबद्दल माझं स्वतःचं मत काही असो, बैल धावल्याशिवाय आमचा नायक बोलत नाही हे सत्य आहे.

दुसरा धक्का २०१६ चा. त्या वर्षी भाऊबीज १ नोव्हेंबरला होती, म्हणजे मंडईचा हंगाम सुरू होऊन आठवडाच झाला होता आणि ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. आमचा सगळा व्यवहार रोखीचा. तिकीट खिडकीवर सुट्टे नाहीत, मंडळाच्या हातात जुन्या नोटा, नटांना त्या नकोत, डिझेल तर रोज लागतं. धानाची सामान्य आधारभूत किंमत त्या हंगामात क्विंटलला १,४७० रुपये होती. पण चुकारे बँकेत आणि बँकेपुढे रांग. त्या हंगामात मी जितकी उधारी लिहिली तितकी आधी-नंतर कधी लिहिली नाही. आणि सांगायला हरकत नाही, त्यातली बरीच वसूल झाली. गाव नाटकाचे पैसे बुडवत नाही, कारण पुढच्या वर्षी तारीख हवी असते.

करोनाने उलट चाल केली. २०२० ची होळी ९ मार्चला झाली आणि टाळेबंदी २४ मार्चला जाहीर झाली. आमचा हंगाम जवळजवळ पूर्ण वाजवून झाला होता. फटका बसला तो पुढच्या दिवाळीला. पण तोवर नटांना रोवणीच्या महिन्यात उचल देऊन झाली होती.

ही उचल म्हणजे धंद्याची खरी गळपट्टी. आमचे बहुतेक कलावंत शेतकरी नाहीतर शेतमजूर. जून-जुलैत बी-बियाणं, रोवणीची मजुरी, शाळेची पुस्तकं, यांसाठी पैसा लागतो आणि तो कंपनीकडून येतो. नाईटवर, म्हणजे रात्रीमागे ठरलेल्या पैशांवर, काम करणारा नट त्या उचलीने हंगामभर कंपनीला बांधला जातो. चांगला खलनायक दुसऱ्या कंपनीने पळवू नये म्हणून त्याला उचल जास्त. मालकाकडे तरी पैसा कुठून असणार? तो व्याजाने आणतो. म्हणजे पडदा उघडायच्या चार महिने आधीच कंपनी कर्जात असते आणि पहिल्या कित्येक नाईट त्या कर्जाच्या असतात. त्यात पार्टीतल्या बायकांचा प्रश्न वेगळा. नागपूरहून येणाऱ्या नायिकेला राहायची खोली, येण्या-जाण्याचा खर्च, आणि तिची नाईट इथल्या नायकापेक्षा जास्त. यावरून होणारी धुसफूस मी कित्येकदा मिटवली आहे. तालमी मात्र फुकट असतात, कारण त्या होतच नाहीत. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य सोडतो आणि आमचे लोक ते असं उचलतात की पुण्या-मुंबईचे नट पाहून गप्प होतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच घडणीच्या माणसाला. त्या वर्षी आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. नाईट वाढली नाही, ते सोडा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस कमी आणि डोकेदुखी जास्त. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. वस्तू व सेवा कराचा जाच नाही. पाचशे रुपयांपर्यंतचं नाटकाचं तिकीट करमुक्त आहे आणि आमचं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. अडतं ते भोंग्यावर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षात पंधरा दिवस सवलत देता येते, तीही मध्यरात्रीपर्यंत. आणि आमची नांदीच दहाला. शेतं ओलांडून पलीकडच्या गावात आवाज गेला तरी तिथलं कुणी तक्रार करत नाही, तिथली माणसं इथेच बसलेली असतात. पण नियम तो नियम. दर हंगामात हा प्रश्न गावपातळीवर समजुतीने सुटतो आणि दर हंगामात तो पुन्हा उभा राहतो. शंभर वर्षांच्या सवयीसाठी नियमात एक खिडकी ठेवायला हवी होती, हे माझं मत मी ज्याच्या-त्याच्यापुढे मांडत आलो आहे.

आता गाण्यांकडे येतो. आमच्या पार्टीतला ऑर्गनवाला आणि मी, दोघांनी मिळून कॅसेटचा धंदा काढला होता. त्याचं चाली बांधण्यात डोकं, माझं हिशेबात. नागपूरच्या स्टुडिओत शिफ्टवर रेकॉर्डिंग करायचं, मास्टरवरून कॅसेटी भरून घ्यायच्या, वर एकरंगी कागद, आणि मंडईत बांगड्यांच्या दुकानाशेजारी चौरंगावर मांडून विकायच्या. नाटकातली गाणी, इथल्या लोककलांपैकी दंडारीची गाणी, खडी गंमतीतले सवाल-जवाब, आणि भीमगीतं. भीमगीतांनी आम्हाला जगवलं. बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. इथल्या घराघरांत ती आठवण आहे. शिवाय १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोन्ही नाटकाच्या हंगामाबाहेर. नाटक बंद असताना गल्ल्यात पडणारा तेवढाच पैसा.

कॅसेट गेली, सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. दुकानदार आमचं गाणं आमच्याच गावच्या पोराला भरून द्यायचा आणि पैसे घ्यायचा तो. एकाला मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘भाऊ, मी गान्याचे कुठी घेतो? भरून द्याचे घेतो.’ त्याला उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

यूट्यूबवर टाकलं तेव्हा वेगळीच मेख निघाली. खडी गंमतीत चाल बहुधा चित्रपटातली असते, शब्द शाहिराचे. मंडईत ते गाणं ऐकून लोक हसतात, कारण चाल ओळखीची असते. संगणकालाही ती ओळखीची वाटते. गाणं चढवलं की मूळ चालीच्या मालकाचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे असलेच तर तिकडे जातात. कायद्याने ते बरोबर आहे. गंमत एवढीच की आज अशा दाव्यांत आघाडीवर असणाऱ्या टी-सिरीजचा पाया ऐंशीच्या दशकात दुसऱ्यांची गाजलेली गाणी नव्या आवाजात भरून स्वस्त विकण्यावर घातला गेला होता. त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यात तशी वाट होती. ऑर्गनवाल्याने मात्र यातून धडा घेतला तो असा की त्यानंतर त्याने प्रत्येक गाण्याची चाल स्वतः बांधली. त्या चाली सुंदर आहेत. मंडईत मात्र लोक तेवढे हसत नाहीत.

माझा पुण्याला असणारा भाचा एकदा म्हणाला, मामा, तुमच्यासारखाच धंदा इंग्लंडात एकांनी केला आणि बुडाले. मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी, १९७८ ची. तिने आणि तिच्या न्यू ऑर्डर या बँडने मिळून १९८२ मध्ये हासिएन्डा नावाचा नाइटक्लब काढला. रेकॉर्डी खपत, तो पैसा क्लबात जाई, क्लब तो गिळून टाकी. १९८८ च्या सुमारास क्लब तुडुंब भरायला लागला, तर आलेली पोरं नशेच्या गोळ्या खाऊन नुसतं पाणी पीत, दारूच्या गल्ल्यात काही पडेना. फॅक्टरी १९९२ मध्ये बुडाली, क्लब १९९७ मध्ये बंद झाला. बँडचा पीटर हूक याने पुढे क्लब कसा चालवू नये याच नावाचं पुस्तक लिहिलं. भाच्याने सांगितलेल्या सगळ्यात एक गोष्ट मला पटकन कळली: गर्दी आणि गल्ला यांचा संबंध असतोच असं नाही. बक्षिसं पुकारण्यात तास गेला, माइकवरून पन्नास जणांची नावं घेतली, आणि खिडकी मोकळी, अशा रात्री आम्हीही पाहिल्यात.

आमचं चक्र मात्र त्यांच्या उलटं फिरत होतं. गाण्यांनी रात्र पोसली नाही, रात्रीने गाणी पोसली. नाटकातल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा खर्च विक्रीतून कधीच निघाला नाही. पण भाद्रपदात एखाद्या गावात पोरांच्या मोबाईलवर आमच्या नाटकातलं गाणं वाजायला लागलं की दसऱ्याला ते मंडळ हमखास दारात. म्हणून मी तो खर्च कंपनीच्या वहीत जाहिरातीच्या खात्याला टाकत असे. हिशेबाच्या दृष्टीने मला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

ऑर्गनवाल्याने एकदा ती वही चाळली. तो चिडला नाही, नुसता म्हणाला, ‘जाहिरात म्हनता ना? मंग फ्लेक्सवाल्याले जेवढे देता तेवढे तरी द्या ना मले.’

त्याचं म्हणणं खरं होतं. फ्लेक्सवाल्याला आम्ही वर्षाला जे देत होतो, ते ऑर्गनवाल्याच्या कित्येक नाईटांपेक्षा जास्त होतं. त्याला चालीचे वेगळे पैसे कुणीच कधी दिले नव्हते. चाल ही नाईटीतच धरलेली. गीतकाराला एकरकमी मानधन, नाटककारालाही तसंच, कागद कसलाच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला कायमचा वाटा मान्य झाला, पण तो मागायला हाती काही लिहिलेलं असलेलं बरं आणि आमच्याकडे करार म्हणजे इसाराची पावती.

इथे मला पुन्हा ते मँचेस्टरवाले आठवले. फॅक्टरीचा नियम असा होता की गाणं वाजवणाऱ्याचं, कंपनीचं काही नाही. शेवटी कंपनी विकायला काढली तेव्हा घ्यायला आलेल्या लंडनच्या रेकॉर्ड कंपनीला कळलं की गाणी बँडच्याच मालकीची आहेत, विकत घेण्यासारखं हाती फारसं काही नाही, आणि सौदा फिसकटला. भाचा हे हसत सांगत होता. ऑर्गनवाला शेजारी बसून ऐकत होता, तो हसला नाही. ‘कंपनी बुडाली, गानेवाले नाई बुडाले,’ एवढंच त्याने ध्यानात ठेवलं.

आता आमच्या ठरावाच्या छापील कागदावर दोन कलमं वाढली आहेत. एक मंडळासाठी: नाटक मोबाईलवरून थेट दाखवायचं नाही, गाणं तेवढं चालेल. हे पाळलं जात नाही. दुसऱ्या अंकापर्यंत मंडपात शंभर मोबाईल वर झालेले असतात आणि जावई मंडळींना कोण अडवणार? दुसरं कलम कंपनी आणि चाल बांधणाऱ्यामधलं: रेकॉर्डिंग कंपनीचं, चाल त्याची, आणि ते गाणं दुसऱ्या कुणी नाटकात घेतलं तर दर प्रयोगाला ठरलेली रक्कम त्याला. रक्कम फार नाही. मालकाने कुरकुर करत सही केली, कारण त्या दसऱ्याला ऑर्गनवाल्याला दुसऱ्या कंपनीने जास्त उचल देऊ केली होती. गेल्या हंगामात पवनीकडच्या एका हौशी मंडळाने त्याचं एक गाणं घेतलं आणि विचारून पैसे दिले. मी ते ‘जाहिरात’ खात्याला टाकले नाहीत. नवं खातं उघडलं, त्याला अजून नाव सुचलं नाही, म्हणून सध्या त्याच्याच नावाने चाललंय.